अण्णांची वेबसाईट आणि निशिगंधाचा हार

आमच्या अण्णांना हार घालून घ्यायची भारी हौस. त्या हौसेपायी ते एकदा जिवंतपणी मेले आणि तिसऱ्या लेथवरच्या पुंजाचं काम सोबत घेऊन जाता जाता राहिले. हे मी रागाने सांगते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. राग आहेच.

अण्णा म्हणजे खंडेराव, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचे मालक. आम्ही फवारणीच्या पंपाचे पितळी नोझल बनवतो. द्राक्षबागेत औषध मारताना नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं पितळ असतं आणि त्यातून औषधाचं धुकं निघतं, तेच ते. मी साधना, तिथली ऑफिसातली बाई. पत्रं टाईप करायची, फोन घ्यायचे, आल्यागेल्याला चहा सांगायचा आणि कुणी ऐकणारं नसलं की अण्णांचं भाषण ऐकायचं, हे माझं काम. तेव्हा मला तिथे अकरा वर्षं झाली होती.

२००३ सालच्या सुरुवातीला पुण्याच्या एका पंप कंपनीचं पत्र आलं. दिवाळीपासून तुमचा माल बंद, आम्ही स्वतःच प्लास्टिकचे नोझल काढणार. आमचा निम्म्याहून जास्त माल त्यांच्याकडेच जायचा. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत नवं गिऱ्हाईक आलं तर बरं. नाहीतर तिसरं लेथ बंद करावं लागेल, साधनाबाई."

तिसरं लेथ म्हणजे पुंजा. पेठ तालुक्यातला माणूस, एकोणीस वर्षं त्याच मशीनवर उभा. नोझलचं भोक किती मापाचं आहे हे अण्णांना वही बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही, पुंजाला नुसतं बोट फिरवून कळायचं. त्याच्याजवळ मुलीची एक जुनी पाटी होती. तयार नोझल नळीला लावायचं, कोरड्या पाटीवर एकच फवारा मारायचा आणि पडलेलं ओलं वर्तुळ बघायचं. कडा सगळीकडून सारखी भिजली असली तर नोझल पास. एका बाजूला पाणी जास्त पडलं असलं, तर कुणालाही न विचारता नोझल भंगाराच्या डब्यात.

ती पाटी जिची, ती चैताली आता बारावी सायन्सला होती. अंबडगावात एका खोलीत ती, आई आणि पुंजा राहायचे. पुंजाचं काम गेलं असतं तर खोली गेली असती, बिऱ्हाड परत पेठला गेलं असतं आणि चैतालीचं सायन्स तिथेच संपलं असतं. पुंजा हे कधी बोलला नाही. डबा द्यायला आली तेव्हा चैतालीनेच मला सांगितलं, आणि बाबांना सांगू नका म्हणाली.

आता मालकाने अशा वेळी काय करावं? दोन गावं फिरावीत, चार पंपवाल्यांना नमुने दाखवावेत. अण्णा उद्योजकांच्या सभेला गेले. तिथे कुणीतरी मुंबईहून आलेल्या माणसाने सांगितलं, की यापुढे ज्याची वेबसाईट नाही तो उद्योजकच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले ते भाच्यालाच घेऊन.

भाचा म्हणजे कुंदन. कॉलेज रोडवर तीन महिन्यांचा कोर्स केलेला. उन्हातही जॅकेट घालायचा. त्याने खुर्ची ओढून मला विचारलं, "ताई, तुमचं टार्गेट काय?"

मी म्हटलं, "दिवाळी."

मी त्याला रीतसर एक कागद लिहून दिला. पहिल्याच पानावर नोझलचा मोठा फोटो. त्याखाली मापांचा तक्ता. पाटीवरच्या ओल्या वर्तुळाचा फोटो, म्हणजे बघणाऱ्याला कळेल फवारा कसा पडतो. शेजारी पुंजाचा मशीनवर काम करताना फोटो. आणि सगळ्यात वर, ठळक, आमचा फोन नंबर. टेलिफोन एक्सचेंज बदलल्यापासून आमचा नंबर नवा होता आणि जुन्या बिलांवरचा नंबर लावला तर कुठल्याशा डेअरीत लागायचा. म्हणून नंबर मी दोनदा अधोरेखित केला.

कुंदनने कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "ताई, हे कॅटलॉग झालं. होमपेजनं आधी फील द्यायला पाहिजे."

त्या फीलमध्ये तीन आठवडे गेले. वेबसाईटवर फोटो कुणाचे आणि कुणाच्या वर कोण, यावर लग्नपत्रिकेत होत नाहीत एवढे रुसवेफुगवे झाले. अण्णांचे थोरले मेहुणे म्हणाले, मला धाकट्याच्या खाली टाकलंत तर मी दिवाळीला येणार नाही. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने स्वतःचा फोटो आपण होऊन पाठवला. शेवटी अण्णांनी निकाल दिला. पहिल्या पानावर फक्त संस्थापक. बाकी सगळ्यांना एकेक स्वतंत्र पान, म्हणजे कुणी कुणाच्या खाली नाही. मशीनलाही एक पान मिळालं. तिथले फोटो खंडेनवमीचे होते, कारण वर्षातून तेवढ्या एका दिवशीच आमचं वर्कशॉप धुतलेलं असतं. सगळी लेथ बंद, प्रत्येकाला झेंडूची माळ, वर हळदकुंकू, आणि काम करणारा एकही माणूस नाही.

आणि नोझल? नोझलचा फोटो होता, पुढाऱ्याच्या पानानंतर. पण तिथवर पोचायला माणसाला दोनदा जेवावं लागलं असतं.

पहिल्या पानासाठी अण्णांनी आपल्या एकसष्टीतला फोटो निवडला. मूळ फोटो छानच होता. डोक्याला फेटा, गळ्यात निशिगंधाचा भरगच्च हार, भोवती सगळे नातेवाईक, आणि फ्लॅशमुळे डोळे अर्धवट मिटलेले. कुंदनने नातेवाईक कापले, नाहीतर पुन्हा भांडण झालं असतं. चौकट त्याने लंबगोल घेतली होती, तिच्यात फेटा बसेना, म्हणून फेटाही कापला. रंगीत फोटो टेलिफोनच्या लाईनवर उघडायला फार वेळ घेतो म्हणून तो काळा-पांढरा केला. मग पान फार उदास दिसायला लागलं, म्हणून खाली दोन बाजूंना दोन समया ठेवल्या, ज्योती हलणाऱ्या. मागे बासरी लावली. आणि फोटोखाली इंग्रजीत एक ओळ टाकली, आमचे संस्थापक व प्रेरणास्थान, त्यांचे आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी आहेत.

एकेक गोष्ट कारणानेच केलेली होती. मूर्खपणाचं असंच असतं, दर पायरीला त्याच्याकडे कारण असतं.

"आणि फोन नंबर?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "नंबर टाकला की कोणीही उठून फोन करील."

"तेच तर पाहिजे आहे ना आपल्याला, अण्णा?"

"साधनाबाई, मोठ्या लोकांचा नंबर असा चव्हाट्यावर नसतो. ज्याला गरज असेल तो शोधत येईल."

नंबराच्या जागी कुंदनने एक बटण केलं. ते दाबलं की फावडं घेऊन खणणारा एक माणूस दिसायचा आणि काम चालू आहे अशी पाटी. दिवाळीपर्यंत तो खणतच होता.

अक्षय्य तृतीयेला उद्घाटन झालं. कॉम्प्युटरला कुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं अर्धं पाणी कीबोर्डवर गेलं. कारखान्यातले सगळे ऑफिसात दाटीवाटीने उभे राहिले. कुंदनने पान उघडलं. आधी दोन समया लागल्या, मग बासरी सुरू झाली आणि वरून खाली सावकाश अण्णांचं कपाळ, मिटलेले डोळे, मग हार असं उतरत आलं. पुंजा दारात होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पायातल्या चपला मागे सारल्या आणि हात जोडून मान खाली घातली.

मला वाटलं, कॉम्प्युटरला नमस्कार केला. अण्णा शेजारीच पेढे वाटत उभे होते, त्यामुळे दुसरं काही डोक्यात यायचं कारणच नव्हतं. रोज ज्याच्या शिव्या खायच्या त्याचा फोटो बघून कुणाला सुतकाची आठवण होते?

पानाच्या तळाशी आकडा होता, किती जणांनी भेट दिली त्याचा. अण्णांना त्या आकड्याचा नाद लागला. सकाळी आले की आधी साईट उघडायची, आकडा बघायचा, बंद करायची, पुन्हा उघडायची. दर वेळी आकडा एकाने वाढायचा आणि अण्णा खूश व्हायचे. गणपतीपर्यंत तो अडीच हजारांवर गेला. सभेत अण्णा सांगायला लागले, की आमच्याकडे अडीच हजार गिऱ्हाईकं येऊन गेली. त्यातले दोन हजार स्वतः अण्णा होते. बाकी पाचशे मेहुणे.

फोन मात्र एकही आला नाही. येणार कुठून?

नवरात्र आलं. खंडेनवमीला पुंजाने आपलं लेथ नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. माळ घातली, पाटीलाही कुंकू लावलं. मी म्हटलं, "पुंजा, होईल काहीतरी."

तो म्हणाला, "व्हईल ना मॅडम. नाय झालं तरी मशीन तर पुसून ठेवलं पायजे. दुसरा कुनी आला तर त्याला घान नको भेटाया." त्या दिवशी मी घरी जाऊन विनाकारण पोरांवर ओरडले.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिससमोर सांगली पासिंगची जीप थांबली. पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले साठीतले गृहस्थ उतरले. चपला बाहेर काढून आत आले, माझ्यासमोर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी पेल्याला नुसता हात लावला.

"मी धोंडीराम," ते शेवटी म्हणाले. "तासगावला आमचा पंपाचा कारखाना हाय. वणीला देवीला चाललोय. म्हटलं, वाटेवर आहे, भेटून जावं. उशीर झाला यायला."

मी म्हटलं, "नाही, उशीर कसला. अण्णा सभेला गेलेत, येतीलच."

त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "असंच वाटत राहतं हो बाई. आमचे वडील गेले तेव्हा मलाबी महिनाभर वाटायचं, आत्ता येतील. शेवटी फार त्रास नाही ना झाला त्यांना?"

तेव्हा माझ्या डोक्यात समया पेटल्या. मिटलेले डोळे, हार, बासरी, आशीर्वाद, सगळं एकामागून एक. पुंजाने चपला का काढल्या तेही कळलं. मला हसू आलं, ते मी आवरलं. मी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"पुतण्यानं तुमची साईट उघडली. यंदा दहा हजार नोझल लागणार होते. पाच-सहा वर्षांमागं प्रदर्शनात तुमच्याकडून डझनभर नेले होते, ते अजून चालतायत. बिलावरचा नंबर लावला तर दूधवाला बोलला. म्हणून साईट बघितली. नंबर नव्हता. फोटो होता." त्यांनी टोपी सारखी केली. "मी म्हटलं, पोरा, बंद कर. माणूस गेला. आता तसा माल कोण काढणार? सहा हजारांची ऑर्डर राजकोटला देऊन टाकली. बाकीच्या चार हजारांचं अजून ठरायचंय, पण तेबी तिकडंच जातील. काय करणार. बनवणाराच नाही राहिला."

एवढं बोलून ते उठले. दुखवट्याला आलेला माणूस निघताना येतो म्हणत नाही, तसे काही न म्हणता उठले आणि दाराकडे वळले.

अण्णा जिवंत आहेत हे मी त्यांना तिथेच सांगू शकले असते. पण मला त्या क्षणी अण्णांचं काही पडलेलं नव्हतं. सहा हजार नोझल एका हारापायी गेले होते आणि उरलेले चार हजार चपला घालत होते. मी म्हटलं, "शेठ, बनवणारा आहे. बनवणारा दुसराच आहे. दोन मिनिटं आत या."

तिसऱ्या लेथवर पुंजा काम करत होता. मी त्याला म्हटलं, पाटी दाखव. त्याने का म्हणून विचारलं नाही. नुकतं उतरवलेलं नोझल पुसलं, नळीला लावलं, पाटी फडक्याने कोरडी केली आणि एक फवारा मारला. वर्तुळ पडलं. पुंजाने ते उजेडाकडे धरलं, डाव्या कडेला बोट लावलं, नोझल काढलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं.

"का हो? चांगलं तर होतं," धोंडीरामशेठ म्हणाले.

"डाव्या अंगाला पानी जास्त पडतंय. तुमच्या बागंत त्या बाजूचे घड जळतील आन मंग तुमी औषधाला शिव्या देनार." त्याने दुसरं लावलं. पुन्हा पाटी पुसली, पुन्हा फवारा. या वेळी कडा सगळीकडून सारखी होती. पाटी त्याने शेठच्या हातात दिली.

शेठनी पाटी उजेडाकडे धरून कडेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "आमच्याकडचे तुम्हीच केलेले का?"

"एकोनीस वर्सं मीच करतोय. दुसरं काय येत नाय."

"मग अहो, साईटवर ह्यांना का नाही ठेवलं?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला. माझ्याकडे तीन आठवड्यांच्या रुसव्याफुगव्यांचं उत्तर होतं, पण ते पाहुण्याला सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण आलंय, साधनाबाई?" अण्णा. सभेतून परतलेले, तिथे वेबसाईटने गिऱ्हाईक कसं खेचावं यावर बोलून आलेले, आणि गळ्यात सत्काराचा ताजा हार.

धोंडीरामशेठनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातली पाटी सुटली. पुंजाने ती खाली पडायच्या आत झेलली. शेठ मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. मघाशी पाण्याला नुसता हात लावला होता, आता ते दोन पेले प्यायले.

ओळखपाळख झाली. अण्णांना तासगावचं नाव ऐकून आनंदाचं भरतं आलं. "म्हणजे साईट बघून आलात?"

"हो. साईट बघूनच आलो."

"कशी वाटली?"

शेठ सज्जन माणूस. ते म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं."

अण्णांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. चार हजारांची ऑर्डर शेठनी तिथेच लिहून दिली, माझ्या टेबलावर, कागदावर पुंजाचं नाव घालून. ह्यांनीच काढलेला माल पाहिजे, ही अट. निघताना अण्णांना मात्र ते दोनदा येतो म्हणाले.

पुंजाचं लेथ वाचलं. चैतालीची खोलीही वाचली. मी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ कुठली गप्प बसते. संध्याकाळी मी अण्णांना झालेला प्रकार सांगितला. सहा हजार नोझल कसे गेले तेही. मला वाटलं, ओशाळतील. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"तसा माल आता कोण काढणार, असं म्हणाले."

अण्णांचे डोळे भरून आले. माणूस वाईट नाही हो. एकसष्ट वर्षांत त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला कुणी आलं नव्हतं आणि जो आला तो ते मेलेत असं समजून आला. फोटोतला हार काही त्यांनी काढू दिला नाही. म्हणाले, त्या फोटोने गिऱ्हाईक आणलं, आता त्याला हात लावू नका. पण पुंजाचेही उपकार ते विसरले नाहीत. त्यांनी कुंदनला बोलावून सांगितलं, "पुंजाला पण पहिल्या पानावर घे. माझ्या शेजारी. मानाने."

मान म्हणजे काय, हे कुंदनला एकाच तऱ्हेने येत होतं. दिवाळीनंतर मंगळवारी त्याने नवं पान दाखवायला सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. आधी चार समया लागल्या. मग बासरी. मग अण्णा उतरले, आणि त्यांच्या शेजारी, तसल्याच लंबगोल चौकटीत, काळा-पांढरा, गळ्यात निशिगंधाचा हार घातलेला पुंजा.

कुणी हसलं नाही. पुंजा माझ्या खुर्चीमागे उभा होता. टोपी त्याने या वेळीही काढली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा फोटो कुठेतरी लागला होता आणि तो असा लागला होता. मला त्याच्याकडे बघवेना. तो मात्र वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेला, स्वतःकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, मग खालपर्यंत सावकाश नजर नेली, नोझलची कड तपासतो तशी.

"मॅडम," तो म्हणाला, "फोन नंबर कुठं हाय?"

"नाही टाकलेला, पुंजा."

"मंग लोकांनी इचारायचं कुनाला," तो म्हणाला, "आमी जिते हाय का नाय ते?"